बटाट्याच्या शेतातले खेडे

१९३९ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, जेरिको नावाच्या ठिकाणी, १३० एकरांच्या एका बटाट्याच्या शेतात काही नटमंडळींनी युक्रेनमधले एक खेडे उभे केले. गवती छपराची घरे, गोठा, घोडागाडी, कडेला पिकांनी भरलेली सपाट जमीन आणि वर मोठे मोकळे आभाळ, एवढ्या सामग्रीवर एक अख्खा मुलूख निर्माण करण्याचा तो खटाटोप होता. त्यासाठी सत्तर हजार डॉलर खर्च झाले. हॉलिवुडच्या हिशेबात ही रक्कम चिल्लर असली तरी यिद्दिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतल्या, चित्रपटांच्या दुनियेत ती उधळपट्टीच होती. पैसा पुरवणारा गृहस्थ टाइम्स स्क्वेअर भागातल्या एका मोठ्या कोशर, म्हणजे ज्यूंचे आहारनियम पाळणाऱ्या, उपाहारगृहाचा भागीदार होता, हे वाचले तेव्हा मला फार बरे वाटले. एका दूधवाल्याची गोष्ट पडद्यावर आणायला खानावळीच्या गल्ल्यातूनच पैसा यावा, यात काहीतरी रास्त आहे.

चित्रपटाचे नाव ‘तेव्ये’, त्या दूधवाल्याचेच नाव. दिग्दर्शक आणि नायक मॉरिस श्वार्ट्झ. युक्रेनमधल्या सुदिलकोव्ह या गावात जन्मलेला हा माणूस लहानपणी अमेरिकेला निघालेल्या कुटुंबापासून वाटेत लिव्हरपूलला दुरावला आणि काही काळ लंडनमध्ये एकटाच राहिला. पुढे १९१८ साली त्याने न्यूयॉर्कला यिद्दिश आर्ट थिएटर काढले आणि १९१९ मध्ये त्याच रंगमंचावर तेव्येची भूमिका पहिल्यांदा केली. म्हणजे बटाट्याच्या शेतात उभा राहिला तेव्हा ही भूमिका त्याच्या अंगात वीस वर्षे मुरलेली होती. दाढी खोटी असेल, पण गाडीवरून उतरताना कमरेवर हात ठेवण्याची तऱ्हा आता त्याची स्वतःचीच झाली होती.

चित्रीकरण चालू असताना २३ ऑगस्टला जर्मनी आणि सोव्हिएत रशिया यांच्यात करार झाला आणि १ सप्टेंबरला जर्मन फौजा पोलंडमध्ये घुसल्या. चमूतल्या कित्येकांचे आईबाप, भावंडे पोलंडमध्ये होती. फेद्या या युक्रेनी तरुणाची भूमिका करणारा लिऑन लिबगोल्ड तर स्वतःच पोलंडमधून आलेला नट होता. दोनच वर्षांपूर्वी त्याने तिथे ‘डिबुक’ या गाजलेल्या यिद्दिश चित्रपटात नायकाचे काम केले होते. ऑगस्टअखेरीच्या बोटीने परत जाण्याची तयारी त्याने केलेली होती, पण काम लांबले आणि श्वार्ट्झने त्याला थांबवून घेतले. ज्यूंच्या घरातली मुलगी पळवून नेणाऱ्या परधर्मी पोराचे सोंग घेतल्यामुळे एक ज्यू नट वाचला. कथेत असा योगायोग कोणी घातला असता तर आपण नाक मुरडले असते.

तेव्येची ओळख आपल्याकडे बहुतेकांना झाली ती ‘फिडलर ऑन द रूफ’मधून, म्हणजे १९६४ चे ब्रॉडवेवरचे नाटक आणि १९७१ चा चित्रपट यांमधून. मलाही तशीच झाली. गाणी, नाच, गच्च भरलेली वस्ती, तिथला रब्बी, लग्ने जुळवणारी बाई, शिंपी, खाटीक, भिकारी, सगळे एकमेकांना धरून. त्यामुळे श्वार्ट्झचा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा काही वेळ मी ते गाव शोधतच राहिलो. इथे रब्बी दिसत नाही, बाजार दिसत नाही, सभास्थान नाही. दिसते ते एक घर, आणि त्या घराभोवती दुसऱ्यांचे गाव.

हा फरक किरकोळ नाही. यिद्दिशमध्ये दोन शब्द आहेत, ‘श्टेटल’ आणि ‘दोर्फ’. श्टेटल म्हणजे ज्यूंची दाट वस्ती असलेले बाजाराचे गाव, आपल्याकडच्या पेठेच्या गावासारखे. आणि दोर्फ म्हणजे खेडे. पूर्व युरोपातले बहुतेक ज्यू श्टेटलमध्ये किंवा शहरांत राहत. खेड्यात राहणारा ज्यू हा ‘दोर्फ्सयिद’, आणि या शब्दाला थोडा हिणकस वास होता. अडाणी, शेणामातीत वावरणारा, प्रार्थनेसाठी लागणारे दहा पुरुषही ज्याला आजूबाजूला मिळत नाहीत असा गावंढळ. तेव्ये हा असा दोर्फ्सयिद आहे. त्याच्या गाई आहेत, तो लोणी, चीज, मलई तयार करतो आणि श्रीमंतांच्या बोयबेरिकमधल्या उन्हाळी बंगल्यांवर नेऊन विकतो. कथेतले बोयबेरिक म्हणजे प्रत्यक्षातले किव्हजवळचे बोयार्का, आणि कथेतले येहुपेत्स म्हणजे खुद्द किव्ह. त्या शहरात परवान्याशिवाय राहण्याची ज्यूंना बंदी होती. झारच्या साम्राज्यात ज्यूंना राहायला पश्चिमेकडचा एक पट्टा ठरवून दिलेला होता. १८९७ च्या खानेसुमारीत साम्राज्यातल्या पन्नास लाखांवर ज्यूंपैकी बहुतेक सारे त्या पट्ट्यातच होते आणि त्यांच्यातल्या शंभरातल्या सत्त्याण्णवांनी आपली मातृभाषा यिद्दिश अशी नोंदवली होती. त्या पट्ट्यातही मे १८८२ मध्ये ‘तात्पुरते’ म्हणून काही नियम आले आणि ज्यूंना खेड्यांत नव्याने वस्ती करायला मनाई झाली. सरकारी तात्पुरतेपणाचे आयुष्य किती असते, हे आपल्याला सांगायला नको. हे नियम झारशाही कोसळेपर्यंत टिकले. तेव्येचे घर गावाच्या कडेला एकटे का आहे आणि एके दिवशी पोलीस शिपाई कागद घेऊन दाराशी का येतो, याचे उत्तर या नियमांत आहे.

मूळ कथा शोलेम अलायखेमच्या. हे टोपणनाव, आणि त्याचा अर्थ ‘तुम्हांस शांती असो’, म्हणजे यिद्दिश माणसाचा रोजचा रामराम. खरे नाव सोलोमन राबिनोविच. जन्म १८५९, पेरेयास्लाव्ह. मृत्यू १९१६, न्यूयॉर्क. तेव्येच्या कथा त्याने १८९४ पासून वीस वर्षे अधूनमधून लिहिल्या, आणि पात्र लेखकाबरोबर म्हातारे होत गेले. सगळ्या कथा तेव्येच्या तोंडच्या आहेत. तो गाडी थांबवून लेखकालाच सगळे ऐकवत असतो आणि दर चार वाक्यांनी ‘पानी शोलेम अलायखेम’ अशी हाक मारतो. हा ‘पानी’ स्लाव्ह भाषांतला आदरार्थी शब्द आहे, पण देवनागरीत लिहिला की तेव्ये घसा कोरडा पडून पाणी मागतो आहे असे वाटत राहते, आणि इतके बोलणाऱ्या माणसाच्या बाबतीत ते अगदीच चूकही वाटत नाही.

बोलताना तो सारखी पवित्र ग्रंथांतली वचने पेरतो. वचने हिब्रू आणि त्यांचा अर्थ यिद्दिशमध्ये, आणि अर्थ हमखास वाकडा. प्रार्थनेतले ‘तू आम्हांला निवडलेस’ हे वचन तो नेमके नको त्या वेळी उच्चारतो, म्हणजे निवडलेस ते हालअपेष्टांसाठीच, असा त्याचा सूर ऐकू येतो. यातली गंमत मराठी वाचकाला समजावून द्यावी लागत नाही. आपल्याकडे गावोगावी असा एखादा म्हातारा असतो, ज्याला गीतेतले अर्धे चरण पाठ असतात आणि जो त्यांचा उपयोग व्याह्याला टोमणा मारण्यासाठी करतो. हिब्रू ही ‘लोशन-कोयदेश’, पवित्र भाषा. यिद्दिश ही ‘मामे-लोशन’, आईची भाषा. पहिली पुरुषांच्या पाठशाळेतली, दुसरी चुलीपाशी, बाजारात, भांडणात बोलायची. विद्वान मंडळींनी यिद्दिशला बराच काळ अपभ्रष्ट बोली म्हणून हिणवले. ज्या भाषेला संस्कृतच्या पंगतीला बसण्यासाठी ज्ञानेश्वरांपासून झगडावे लागले, त्या भाषेत हे वाचताना ओळख पटतेच. मात्र बोलणाऱ्यांचा जो संहार यिद्दिशच्या वाट्याला आला तो मराठीच्या वाट्याला आलेला नाही, हेही त्याच वेळी लक्षात ठेवावे लागते.

चित्रपट मुख्यतः एकाच कथेवर उभा आहे. १९०६ च्या सुमारास लिहिलेली ‘खावे’ ही ती कथा. तेव्ये आपल्याला सात मुली आहेत असे सांगतो, कथांमध्ये प्रत्यक्षात पाच-सहाच भेटतात, आणि श्वार्ट्झने त्यांतल्या दोनच ठेवल्या. त्यांतली खावे वाचनवेडी आहे. गावातल्या कारकुनी करणाऱ्या, पुस्तके वाचणाऱ्या फेद्याशी तिचे सूत जुळते. कथेत ती बापाला अभिमानाने सांगते की फेद्या म्हणजे दुसरा गॉर्की, त्या नामांकित रशियन लेखकासारखा, आहे, तेव्हा तेव्ये विचारतो, मग पहिला गॉर्की कोण होता? हसू येते, आणि हसता हसताच बाप व लेक यांच्यामध्ये किती रुंद दरी पडली आहे तेही दिसते. खावे बाप्तिस्मा घेऊन फेद्याशी लग्न करते. तेव्ये पाद्र्याच्या दाराशी जाऊन विनवतो, पण मुलगी आता पाद्र्याच्या आश्रयाला आहे. मग तो घरी येऊन बायकोला, गोल्डेला, सांगतो की आपण शिव्हे पाळायचे. मेलेल्या माणसाचे सात दिवसांचे सुतक, बुटक्या बैठकीवर बसून, जिवंत मुलीसाठी.

पडद्यावर यातला सगळ्यांत चांगला भाग म्हणजे खावेचे लग्न आणि तिच्या माहेरची शांतता यांची शेजारशेजार केलेली मांडणी. एकीकडे वऱ्हाडी खातात, पितात, नाचतात आणि मधोमध बसलेली नवरी हरवून गेलेली आहे. दुसरीकडे तिचे आईबाप. खावेची भूमिका श्वार्ट्झच्या पुतणीने, मिरियम रिसेलने, केली आहे, आणि माझ्या मते चित्रपटातले खरे सिनेमाचे काम तिचेच आहे. बाकीचे बरेच जण नाटकात आहेत. पुढे गोल्डे मरणाला टेकते तेव्हा खावे बाहेर अंधारात खिडकीशी उभी असते आणि काचेतून आपल्याच घरात पाहते. त्या प्रसंगात तिला जवळजवळ काहीच बोलायला दिलेले नाही, हे श्वार्ट्झचे शहाणपण.

हे शहाणपण त्याला सर्वत्र सुचले असते तर बरे झाले असते. त्याच्या अभिनयाला रंगभूमीची सवय आहे. शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकापर्यंत दुःख पोहोचवायचे म्हणून तो डोळे मोठे करतो, हात आकाशाकडे नेतो, आणि कॅमेरा तर पाच फुटांवर उभा असतो. आपल्या संगीत नाटकांतली थोर मंडळी बोलपटात आली तेव्हा त्यांचेही असेच झाले होते. तरी मी या अवजडपणाबद्दल फार तक्रार करणार नाही, कारण त्यात एका जिवंत नाट्यपरंपरेचा आवाज टिकून राहिला आहे आणि आज तो दुसरीकडे फारसा ऐकायला मिळत नाही. माझी खरी तक्रार निराळी आहे. गावातले युक्रेनी शेतकरी इथे बरेचसे ठोकळे आहेत. दारुडे, दांडगे, हपापलेले. पाद्री गोड बोलून गळा कापणारा. फेद्यालासुद्धा लग्नानंतर फारसे काही उरत नाही. शोलेम अलायखेमने असे केले नव्हते. शेवटच्या काळात लिहिलेल्या तेव्येच्या कथांमध्ये गावचा मुखिया इव्हान आणि इतर गावकरी तेव्येकडे येतात आणि अवघडून सांगतात की तुझ्याविरुद्ध आमच्या मनात काहीही नाही, तू भला माणूस आहेस, पण आजूबाजूच्या सगळ्या गावांनी ज्यूंची घरे फोडली, आपणच मागे राहिलो तर बरे दिसणार नाही. मग काय फोडायचे आणि कितपत फोडायचे यावर वाटाघाटी होतात. त्या भल्या माणसांच्या भलेपणानेच अंगावर काटा येतो. १९०५ च्या ऑक्टोबरात लेखकाने किव्हमधली दंगल स्वतः अनुभवली होती आणि त्यानंतर त्याने देश सोडला. तरीही त्याने इव्हानला राक्षस केले नाही. १९३९ च्या उन्हाळ्यात, वर्तमानपत्र दर सकाळी नवी बातमी घेऊन येत असताना, श्वार्ट्झला ते जमले नाही. मी त्याला दोष देतो आणि तो दोष पोटातही घालतो.

कथेत एक प्रसंग आहे जो मला कुठल्याही चित्रपटापेक्षा मोठा वाटतो. तेव्ये रानातून गाडी हाकत एकटा परतत असतो आणि झाडांमधून खावे पुढे येते. बाबा, थांब, असे म्हणते. ती घोड्याचा लगाम धरू पाहते. तेव्ये घोड्याला चाबूक मारतो आणि मागे वळून न पाहता निघून जातो. आणि मग उरलेल्या वाटेवर, घोड्याच्या टापांच्या तालावर, त्याच्या मनात प्रश्न येत राहतात. ज्यू म्हणजे काय आणि ज्यू नसलेला म्हणजे काय? देवाने दोघांना निर्माण केलेच कशाला, आणि केले तर एकमेकांपासून इतके तोडून का ठेवले? हे विचार त्याला घाबरवतात. गाडी वळवावी असे वाटते, वळवत नाही. मुलगी मेली असे जाहीर केलेल्या माणसाला ती रानात जिवंत भेटते आणि तो पळून जातो, इतकीच ही घटना. पण तेव्येचे अख्खे धर्मज्ञान, त्याची सगळी वाकडी वचने, त्या वाटेवर त्याला अपुरी पडतात, आणि त्याला ते कळते.

खावेचे पुढे काय झाले, याची उत्तरे तीन जणांनी तीन प्रकारे दिली. शोलेम अलायखेमच्या १९१४ च्या कथेत, जिचे ‘लेख-लेखो’ हे नाव अब्राहामला झालेल्या ‘तुझा देश सोडून निघ’ या आज्ञेवरून घेतलेले आहे, घर सोडण्याच्या दिवशी खावे बोचके घेऊन दारात येते. तेव्येने तिला जवळ घेतले की नाही, हे तो सरळ सांगत नाही. पानी शोलेम अलायखेम, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केले असते, असे उलट लेखकालाच विचारतो. ‘फिडलर’ या संगीतिकेत खावे परत येत नाही. नवऱ्याबरोबर वेगळ्या वाटेने जाते आणि बाप तोंडातल्या तोंडात एक आशीर्वाद पुटपुटतो. अमेरिकेत स्थिरावलेल्या, मिश्र विवाह घरोघरी पाहिलेल्या प्रेक्षकांना पेलवेल असा हा शेवट आहे. श्वार्ट्झची खावे मात्र नवऱ्याला सोडून पूर्ण परत येते, पश्चात्ताप करते, आणि गाडीत तिला जागा मिळते. मला हा शेवट कलेच्या दृष्टीने सगळ्यांत कच्चा वाटतो. तरीही तो पुन्हा पाहताना मी दरवेळी गप्प होतो, कारण जी मंडळी हे चित्रीकरण करत होती त्यांच्यापैकी अनेकांना त्या क्षणी आपल्या माणसांना गाडीत जागा करून देण्यापलीकडे दुसरे काहीही नको होते. दोन वर्षांनी, २९ आणि ३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत, किव्हच्या सीमेवरच्या बाबिन यारच्या घळीत तेहेतीस हजारांवर ज्यूंना गोळ्या घालण्यात आल्या. बोयबेरिकच्या बंगल्यांवर लोणी पोहोचवणाऱ्या दूधवाल्यांची नातवंडे त्यांत असणारच.

आता ज्या प्रसंगासाठी मी हे सगळे लिहायला बसलो त्याकडे येतो. तेव्येला गाव सोडण्याचा हुकूम आल्यावर त्याच्या घरातल्या चीजवस्तू शेजारी येऊन विकत घेतात. ज्यांच्यामध्ये तो आयुष्यभर राहिला ती माणसे भांडी उचलून पाहतात, उलटी करतात, बोटाने ठोकतात, भाव पाडतात. मारहाण नाही, आग नाही. बाजार भरल्यासारखी हालचाल आहे. माझ्या लक्षात राहिले आहेत ते हात. भांडे विकत घेण्याआधी त्याच्या बुडाला पोचा आहे का ते चाचपणारे हात. हे हात मी पाहिलेले आहेत असे मला पहिल्याच वेळी वाटले, आणि कुठे, ते आठवायला दोन दिवस लागले.

माझ्या आजीचे सासर अष्टागरात, अलिबाग आणि रेवदंडा यांच्या मधल्या एका गावी. तिथे वाडीच्या पलीकडे एक घर बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, कुटुंबाचे होते. नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून सात जोडपी वाचली आणि त्यांच्यापासून आपण झालो, असे हा समाज सांगतो. कोकणातल्या गावागावांत पसरलेले, तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’. आडनावे गावांवरून, पेणकर, रोहेकर, चेऊलकर. बोली मराठी, आणि बायबलातल्या कथांची कीर्तनेसुद्धा मराठीत. त्यांना यिद्दिशचा एक शब्द येत नव्हता आणि तेव्येला त्यांचे अस्तित्वही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण खेड्यात राहणारे एकटे ज्यू घर ही गोष्ट तीच. आजी नवी सून असताना शनिवारी सकाळी त्या घरी जाऊन चूल पेटवून येई, कारण त्या दिवशी त्यांना विस्तवाला हात लावायचा नसे. शेजारीण कधी ‘चूल पेटव’ असे म्हणत नसे. ओटीवर बसून ती फक्त म्हणे, ‘आज गारठा आहे, नाही?’ पुढे मी वाचले की शब्बाथच्या दिवशी असे काम थेट सांगणे नियमात बसत नाही, सुचवणे चालते, आणि असे काम करून देणाऱ्या शेजाऱ्याला यिद्दिशमध्ये ‘शाब्बेस-गोय’ असा चक्क शब्दच आहे. आजीला आपल्यासाठी एक शब्द आहे हे कळले असते तर ती पदराआड हसली असती.

१९५० नंतरच्या वर्षांत ते कुटुंब इस्रायलला गेले. त्यांना कोणी घालवले नाही. हुकूम नव्हता, शिपाई नव्हता, मुखियाने येऊन काही सांगितले नाही. निरोपाला अर्धे गाव धक्क्यापर्यंत गेले आणि बायका रडल्या, हे आजीने कितीदा तरी सांगितले आहे. भारतात ज्यूंचा छळ झाला नाही, हे आपण अभिमानाने सांगतो. ते बहुतांशी खरे आहे आणि सांगायला हवेच. तेव्येच्या गावाशी आजीच्या गावाची बरोबरी करण्याचे पाप मला करायचे नाही.

पण आमच्याकडे एक घंगाळ आहे. तांब्याचे, दोन पितळी कड्यांचे, बुडाशी एका बाजूला दबलेले. आजी नंतर मुंबईला आली तेव्हा ते बरोबर आले आणि आता माझ्या घरी बाल्कनीत आहे. लहानपणी सुट्टीत आम्ही त्यातले पाणी घेऊन आंघोळ करायचो. काठाच्या आतल्या बाजूला, आपल्याकडे भांड्यांवर घालतात तसे, ठिपक्या-ठिपक्यांनी टोचून काढलेले नाव आहे, आणि ते आमच्या घरातले नाव नाही. बाईचे नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आणि गावाचे ‘कर’ लावलेले आडनाव; देवनागरीत, घोटीव अक्षरात. त्याच्याखाली बोटभर जागा सोडून आजीचे नाव आहे. दोन्ही नावांतला ‘ई’चा वेलांटीचा वळसा सारखा आहे, म्हणजे बहुधा एकाच तांबटाने काही वर्षांच्या अंतराने दोन्ही नावे घातली. आजीने वरचे नाव घासून काढायला लावले नाही, हे मी तिच्या बाजूने नेहमी मोजतो.

चित्रपट पाहिल्यावर तिसऱ्या दिवशी मी तिला विचारले. तेव्हा तिचे वय नव्वदीच्या पुढे होते, पण पैशांचे आकडे पक्के लक्षात असत. कुठल्या साली भाताचा भाव काय होता ते ती सांगे. शेजारणीच्या घरून घंगाळ आले, ते दिले की विकले, विकले तर कितीला, असे मी विचारले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, विकतच घेतले, तुझे आजोबा गेले होते बघायला, ठोकून-बिकून घेतले त्यांनी. कितीला, ते तिने सांगितले नाही. मी पुन्हा विचारले तेव्हा तिने खिडकीकडे तोंड केले आणि म्हणाली, ‘सगळेच एकदम विकायला काढले होते रे त्यांनी. भाव पडला होता.’